टपालाच्या वाटेवरचे नाके

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली म्हणजे कारखान्यांच्या फाटकांपाशी रांगा लागतात. पहारेकरी एकेकाचा डबा उघडायला लावतो, पिशवी चाचपतो आणि मग बाहेर सोडतो. एका संध्याकाळी अशाच रांगेतून बाहेर पडलेल्या एका तरुण कामगाराने आम्हांस आपला मोबाइल दाखविला. त्याला आलेल्या पत्राला जोडलेली फाइल धोक्याची असल्याने ती अडविण्यात आली आहे, अशी सूचना त्यावर होती. तो म्हणाला, "दादा, इथं निदान डबा आपल्या डोळ्यांदेखत उघडतात. हे पत्र कुणी उघडलं? आणि उघडलं म्हणजे वाचलंही असणार की!"

त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्यांची पुस्तके चाळता चाळता आणि दुसऱ्यांना विचारीत झाले. संगणकाचे शास्त्र आम्ही असेच, गरजेपुरते, विचारून शिकलो आहोत. तेव्हा हे व्याख्यान म्हणजे त्या तरुणाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ई-मेल जन्माला आली तेव्हा तिला रोग होत नव्हता. आज ज्या रीतीने ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाते, त्या रीतीचे नियम अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवले. त्या नियमांप्रमाणे पत्रात फक्त अक्षरे असत. चित्र नाही, आवाज नाही, फाइल नाही. आपल्याकडे १९८०च्या दशकात मुंबईच्या 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' आणि पवईची आय. आय. टी. या संस्थांमध्ये टेलिफोनच्या तारेवरून जी पहिली पत्रे गेली, तीही अशीच साधी होती. साधे अक्षर वाचून कोणाचे यंत्र बिघडत नाही. पोस्टकार्डातून साप निघत नाही, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळी विषाणू हिंडत होते ते फ्लॉपीवरून. १९८६ सालचा 'ब्रेन' हा विषाणू लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता, आणि तो एका फ्लॉपीतून दुसऱ्या फ्लॉपीत, हातोहात पसरला. टपालावर पहिला मोठा घाला डिसेंबर १९८७ मध्ये पडला. जर्मनीतील क्लाउस्टाल येथल्या एका विद्यार्थ्याने नाताळच्या शुभेच्छांचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालविला की पडद्यावर नाताळचे झाड उमटे, आणि तेवढ्यात तो प्रोग्राम त्या माणसाच्या यादीतील साऱ्या पत्त्यांवर आपली नक्कल पाठवून मोकळा होई. बघता बघता आय. बी. एम. कंपनीचे जगभरचे अंतर्गत जाळे तुंबून गेले. त्या मुलाच्या मनात कोणाचे वाईट करावयाचे होते असे दिसत नाही. परंतु पुढे बारा-तेरा वर्षांनी जे घडले त्याचा सगळा नकाशा त्या झाडात होता. ओळखीच्या माणसाकडून आलेले पत्र, उघडून पाहण्याचा मोह, आणि उघडताच पुढच्यांना धाडलेल्या नकला!

मधल्या काळात एक गंमत झाली. १९९४च्या अखेरीस अमेरिकेत अशी आवई उठली की, 'गुड टाइम्स' अशा मथळ्याचे पत्र नुसते वाचले तरी संगणक बाद होतो. ती धडधडीत थाप होती. जाणत्यांनी लोकांना समजावून सांगितले की, बाबांनो, पत्र वाचल्याने विषाणू लागत नसतो. लोक हसले आणि विसरले. पण थाप पुढे धावत होती आणि सत्य तिच्यामागून येत होते. १९९२ साली ई-मेलला फाइल जोडण्याची सोय निघाली होती. चित्र असो की हिशेबाचा तक्ता असो, त्याचे अक्षरांत रूपांतर करावयाचे, पत्रात घालावयाचे आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा मूळ रूप द्यावयाचे, अशी ती युक्ती. पोस्टकार्डाचे पार्सल झाले ते इथे. १९९५ साली मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'मध्ये लिहिलेल्या कागदातूनही विषाणू पसरू शकतो हे सिद्ध झाले, आणि मग पार्सलात काय असेल याचा भरवसा संपला.

याच १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आपल्या देशाला इंटरनेट मिळाले ते असे, रोगाची साथ दाराशी आलेली असताना. १९९८ साली खाजगी कंपन्यांना हा व्यवसाय खुला झाला. इंदापूर-बारामतीकडे आम्ही त्याचा पहिला वापर पाहिला तो सायबर कॅफेत, ताशी पैसे मोजून. पत्ता कसा लिहावयाचा इथपासून सारे त्या दुकानातल्या पोराला विचारावे लागे.

आता पुण्याकडे वळू. विषाणूंशी झुंजण्याच्या इतिहासात पुण्याचे नाव आहे आणि ते आदराने घेण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या काटकर कुटुंबातले कैलास काटकर हे दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत त्यांना विषाणू सापडू लागले. धाकटे बंधू संजय हे मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्या विषाणूंवर इलाज करणारा प्रोग्राम लिहिला, आणि १९९५च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आले. २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले. आमचा धंदा कामगारांचा. मालकांची स्तुती आम्ही सहसा करीत नाही. पण बिघडलेले यंत्र उघडून त्याच्या पोटातून शास्त्र शिकलेल्या माणसाविषयी आमच्यासारख्याला आपलेपणा वाटला तर त्यात नवल ते काय!

परंतु हा इलाज घरातला होता. ज्याने विकत घेतला आणि वेळोवेळी ताजा केला, तो वाचला. ज्याला परवडले नाही, किंवा ज्याला ठाऊकच नव्हते, त्याचे यंत्र आजारी पडले. एवढेच नव्हे, त्याच्या यंत्रातून निघालेली पत्रे शेजाऱ्याच्या दारी जाऊन पडली. साथीचा रोग हा एकेकट्याने बरा करावयाचा रोग नव्हे, हे पुण्याला १८९७ सालीच कळले होते. मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. इकडे सरकारने फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला आणि रेल्वेच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, आणि त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला हे पुणे जिल्ह्यातल्या माणसाला सांगावयास नको. लोकांचा राग औषधाविरुद्ध होता असे म्हणणे पुरेसे नाही. तपासणीच्या नावाखाली परका माणूस देवघरापर्यंत येतो आणि त्याला जाब विचारता येत नाही, हे त्यांना सहन झाले नाही.

त्याहूनही जुना एक दाखला आहे, आणि तो आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. युरोपातील बंदरांत साथीच्या दिवसांत परमुलखातून आलेली पत्रे थेट वाटीत नसत. त्यांना चिमट्यात धरून सुरीने चिरा पाडीत किंवा टोचे मारीत, मग त्यांना धुरी देत, कोठे व्हिनेगरमध्ये भिजवीत. धूर आत शिरावा म्हणून ती चीर. पत्र मात्र बहुधा वाचीत नसत. अशी चिरा पडलेली, डागाळलेली पाकिटे आजही संग्रहाकांजवळ पाहावयास मिळतात. कामगाराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या चिरेत आहे. पत्र निर्जंतुक करणे आणि पत्र वाचणे ही दोन कामे वेगळी आहेत. पण दोन्हींसाठी पाकीट फोडावेच लागते.

ई-मेलच्या बाबतीत नाका उभा राहिला तो दोन तडाख्यांनंतर. शुक्रवार, २६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' सुटला. वर्डच्या कागदात दडलेला हा विषाणू, कागद उघडताच, त्या माणसाच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवी. पन्नासांचे पन्नास, त्यांचे आणखी पन्नास, असा हिशेब केला तर तिसऱ्या फेरीलाच सव्वा लाख पत्रे होतात. मोठमोठ्या कंपन्यांना आपली ई-मेलची दारे बंद करावी लागली. न्यू जर्सीचा डेव्हिड स्मिथ त्याबद्दल पकडला गेला आणि तुरुंगात गेला. पुढल्या वर्षी, ४ मे २००० रोजी, मनिलाहून प्रेमपत्र निघाले. 'आय लव्ह यू' असा मथळा, आणि सोबत पत्राचे सोंग घेतलेली फाइल. जगभरच्या शहाण्यासुरत्या माणसांनी ती उघडली. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली ई-मेल बंद ठेवावी लागली. ते लिहिणारा ओनेल द गुझमान हा गरीब घरचा विद्यार्थी. त्याच्या देशात अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. वीस वर्षांनी त्याने कबूल केले की, इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड मिळवावयाचे होते. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. तथापि ताशी पैसे मोजून घड्याळाकडे पाहत पत्र लिहिलेल्या माणसाला ही हकिकत नुसती हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला, आणि दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणाराला त्याच्या ४३व्या कलमाने भरपाईचा जबाबदार धरले. पण कायदा हा घटना घडून गेल्यावर येतो. साथ थांबवावयाची तर वाटेवरच थांबविली पाहिजे, हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या ध्यानी आले. त्यात परोपकार थोडा आणि सोय जास्त होती. हजारो ग्राहकांची यंत्रे एकदम पत्रे ओकू लागली म्हणजे कंपनीचीच वाट तुंबते, आणि तक्रारींचे टेलिफोन तिलाच येतात. इंग्लंडात १९९९ साली निघालेल्या 'मेसेजलॅब्ज' या कंपनीने तर दुसऱ्यांची टपाले वाटेतच चाळून देणे हाच धंदा केला. पुष्कळ ठिकाणी आरंभी या चाळणीचे वेगळे पैसे पडत. मागाहून ती सेवेचाच भाग झाली.

ही चाळण चालते कशी ते थोडक्यात सांगतो. तुमचे पत्र कंपनीच्या यंत्रात येते तेव्हा ते लगेच तुमच्या पेटीत पडत नाही. पोस्टात थैली उघडून पत्रे वेगळी करण्याचे जसे टेबल असते, तसे एक टेबल वाटेत असते. तेथे जोडलेली फाइल पुन्हा मूळ रूपात आणतात. ती गाठोड्यात, म्हणजे 'झिप'मध्ये, बांधलेली असेल तर गाठोडे सोडतात. आत दुसरे गाठोडे असेल तर तेही. मग ओळखीच्या विषाणूंच्या खुणांच्या यादीशी तिचा ताळा घेतात. पोलीस ठाण्यात सराईतांच्या बोटांचे ठसे असतात ना, तसाच प्रकार. ठसा जुळला की पत्र अडले. काही प्रकारच्या फाइली, म्हणजे ज्या उघडताच यंत्राला कामाला लावतात अशा, तर ठसा न पाहताच परत फिरवितात. अनोळखी फाइल अलीकडे एका बंदिस्त खोट्या संगणकात उघडून पाहतात आणि ती काय उपद्व्याप करते ते बघतात.

ही यादी रोज, किंबहुना तासातासाला, नवी करावी लागते. यात आम्हांस विशेष रस वाटला तो 'क्लॅम-ए-व्ही' या चाळणीविषयी. पोलंडच्या टोमाश कोइम यांनी ती २००२ साली सुरू केली आणि सर्वांना फुकट वापरू दिली. नवा विषाणू कोणाच्या हाती लागला की त्याचा नमुना सर्वांच्या यादीसाठी पाठवावयाचा, असे तिचे काम सहकारावर चाले. पुढे अमेरिकन कंपन्यांनी ती विकत घेतली, तरी तिचा वापर आजही फुकट आहे. साखर कारखान्यांच्या मुलखात सहकार म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्याचे पुढे काय काय होते तेही सांगावे लागत नाही!

पहारेकरी शहाणा झाला तसा चोरही शहाणा झाला. ४२ किलोबाइटांचे एक गाठोडे प्रसिद्ध आहे. चाळण ते सोडू लागली की आतून गाठोड्यांत गाठोडी निघत जातात, आणि सगळी सोडली तर सुमारे ४५ लाख गिगाबाइटांचा ढीग होतो. म्हणजे तपासणाराच गाडला जावयाचा. मग चाळण्यांना किती आत शिरावयाचे याची मर्यादा घालावी लागली. जानेवारी २००४ मध्ये 'मायडूम' आला. तो पाठविणाऱ्याच्या नावाच्या जागी भलत्याच माणसाचे नाव लिही. चाळण्या मोठ्या सभ्यपणे त्या भलत्याच माणसाला कळवीत की, 'आपण विषाणू पाठविला आहे.' आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना एका आठवड्यात अशी कितीतरी इंग्रजी पत्रे आली आणि ते बिचारे पोलीस कधी येतात याची वाट पाहत बसले. या गोंधळामुळे बहुतेक चाळण्यांनी कळविणेच बंद केले. विषाणू सापडला की गुपचूप फेकून द्यावयाचा, असा शिरस्ता पडला.

त्याच सुमारास 'बेगल' आला आणि त्याने कुलूप लावले. तो पासवर्डने बंद केलेल्या झिपमध्ये येई आणि पासवर्ड पत्रातच लिहिलेला असे. माणूस वाचून कुलूप उघडी. चाळणीला ते उघडता येत नसे. चाळण्या पत्रातला पासवर्ड शोधू लागल्या, तर त्याने पासवर्ड चित्र काढून पाठविला. तेव्हा कित्येक ठिकाणी असे ठरले की, कुलूपबंद गाठोडे दिसले की अडवावे. आत काय आहे ते पाहावयाचे कारण नाही.

हा निर्णय आमच्या अंगावर आला. २००६ साली एका कारखान्यातील अकरा कंत्राटी कामगारांचे प्रकरण आम्ही लढवीत होतो. त्यांची हजेरीकार्डे आणि पगाराच्या चिठ्ठ्या आम्ही सायबर कॅफेत स्कॅन करून पुण्याच्या वकिलांना पाठविल्या. कामगारांची नावे मालकाच्या माणसांच्या हाती पडू नयेत म्हणून झिपला पासवर्ड लावला आणि तो वकिलांना टेलिफोनवर सांगितला. सावधगिरीचा आम्हांस केवढा अभिमान! ते पत्र त्यांच्या पेटीत कधी पडलेच नाही. परत आले नाही, अडविल्याची सूचना नाही, काही नाही. आम्ही समजलो पोहोचले. वकील समजले आम्ही पाठविलेच नाही. तारखेला कागद नव्हते. पुढली तारीख चार महिन्यांनी लागली. तोवर अकरांपैकी तिघे तडजोडीचे पैसे घेऊन निघून गेले, आणि त्यांपैकी एकाने आम्हांस तोंडावर विचारले, "दादा, कागद पाठवलेच नव्हते ना?" कोणत्या कंपनीच्या यंत्राने ते गाठोडे फेकले ते कळले नाही. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच भांडावयाचे कोणाशी तेही समजेना. ज्याने पत्र गिळले त्याच्यावर पोचपावती देण्याचे बंधन नव्हते, एवढेच आम्हांस उमगले.

चाळण नको असे आमचे म्हणणे नाही. ती नसती तर २००४ नंतर ई-मेल हे माध्यम सामान्य माणसाच्या उपयोगाचे उरलेच नसते. घराघरांत ज्याने त्याने औषध विकत घ्यावे, या व्यवस्थेपेक्षा वाटेवरची चाळण गरिबाला जास्त उपकारक ठरली. सायबर कॅफेत बसणाऱ्याला औषधाचे पैसे द्यावे लागले नाहीत. परंतु नाकेदाराने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत असा आमचा आग्रह आहे: काय अडविले, का अडविले, आणि दाद कोठे मागावयाची. अडविलेला माल काही दिवस कोठीत ठेवून ग्राहकाला कळविण्याची रीत चांगल्या सेवांमध्ये रूढ झाली आहे. त्या तरुणाच्या मोबाइलवर आलेली सूचना ही त्या रीतीचेच फळ. २००६ साली तेवढी एक ओळ आम्हांस मिळती तर!

आता वाचण्याचा प्रश्न. चाळणीचे यंत्र ठसे ताडते. त्यास तुमच्या मागणीपत्राशी कर्तव्य नसते. पण उघडलेले पाकीट दुसऱ्या कामीही येऊ शकते. इंग्रजांच्या राज्यात १८८५चा तारेचा कायदा आणि १८९८चा टपालाचा कायदा यांनी संदेश अडविण्याची सत्ता सरकारकडे ठेवली होती. दोन्हींची जागा आता २०२३च्या कायद्यांनी घेतली आहे आणि ती सत्ता कायम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९व्या कलमातही ती आहे. टेलिफोन ऐकण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंधने घातली आणि २०१७ साली खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. सरकारला निदान लेखी हुकूम काढावा लागतो. कंपनीचे मात्र तिच्या ग्राहकाशी झालेल्या करारावर भागते, आणि तो करार आपण 'मान्य' अशा बटनावर बोट ठेवून न वाचताच करून टाकतो. जाहिराती नेमक्या कोणापुढे मांडाव्यात हे ठरविण्यासाठी गूगल कंपनी कित्येक वर्षे ग्राहकांची पत्रे यंत्राकडून वाचवून घेत होती. ते बंद करीत असल्याचे तिने २०१७ साली जाहीर केले. विषाणूंची चाळण मात्र चालू राहिली. चीर तीच होती. धुरी देणे आणि वाचणे यांतले अंतर तेवढे या प्रसंगी उघड झाले.

त्या तरुणाला आम्ही शेवटी एक प्रयोग करून दाखविला. ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. ती विषाणू नव्हे. पण सर्व चाळण्यांनी तिला विषाणू समजावे असे या क्षेत्रातल्या लोकांनी आपसांत ठरविले आहे, म्हणजे पहारेकरी जागा आहे की नाही ते पाहता येते. ती ओळ एका फाइलीत घालून आम्ही युनियनच्या पत्त्यावरून त्याच्या पत्त्यावर पाठविली. पत्र गेलेच नाही. कारणासह परत आले. दुसरे पत्र त्याच्याच पगाराच्या चिठ्ठीचे, साधे. ते पोहोचले. मग त्याने विचारले की, कुलूप लावून पाठवले तर? आम्ही तेही पाठविले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. तो मोबाइलकडे पाहत राहिला, आणि आम्ही, २००६ सालापासूनच्या सवयीने, विचारण्यासाठी टेलिफोन करावयाचा तर कोणाला करावा या विचारात पडलो. कारण ज्याला पत्र धाडले तो समोरच बसला होता.